कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याचा खर्च: पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे

प्राण्यांच्या दवाखान्यात जी बिलं पाच आकड्यांत जातात, त्यांची कारणं फिरून फिरून तीच असतात. लस न झालेल्या पिल्लाला झालेला पार्वो (आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार), पावसाळ्यातला गोचिडीचा ताप, नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात साठलेला पू, लघवी तुंबलेला बोका, सडलेले दात, वजनाने थकलेले सांधे आणि घरातच खाल्लेलं काहीतरी भलतंसलतं. अपघात किंवा कर्करोग आपल्या हातात नसतो. पण वरच्या यादीतलं जवळजवळ सगळं टाळता येतं, निदान लवकर तरी पकडता येतं. म्हणून हा लेख त्या यादीच्या मागे लागून लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो: डॉक्टरकडे जायचं टाळून पैसे वाचत नाहीत. लवकर गेल्याने वाचतात, आणि दुकानातल्या अर्ध्या वस्तू न घेतल्याने वाचतात.

आधी दर विचारा

शहरागणिक, दवाखान्यागणिक दर बदलतात, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबू नका. तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात एकदाच बसून हे दर विचारा: वर्षाची एकत्रित लस आणि रेबीजची लस; सलाईनवर ठेवल्यास दिवसाचा खर्च; साधी नसबंदी; गर्भाशयात पू झाल्यावरची तातडीची शस्त्रक्रिया; भूल देऊन दात साफ करणं; आणि रक्ताची प्राथमिक तपासणी. हे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. प्रतिबंधाचा खर्च आणि उपचाराचा खर्च यांतली तफावत स्वतःच्या गावच्या दरांत दिसली की पुढच्या निम्म्या गोष्टी पटवून द्याव्या लागत नाहीत.

अजून प्राणी आणलेला नसेल तर सगळ्यात मोठी बचत इथेच आहे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा, डोळ्यांचा आणि कातडीच्या घड्यांचा त्रास जन्मभर असतो. हस्की किंवा सेंट बर्नार्ड नागपूरच्या मे महिन्यात ठेवायचा तर एसीचं बिलही दवाखान्याच्या बिलात धरा. आपल्याकडचं साधं गावठी पिल्लू इथल्या हवेला सरावलेलं असतं. भरपूर मोकळी जागा आणि पळवण्याची तयारी असेल तर लातूर-सोलापूरकडचे कारवान आणि पश्मी हे शिकारी जातीचे कुत्रेही आहेत.

लसी: वेळ पाळली तरच पैसे वसूल

पिल्लाला आईच्या दुधातून प्रतिपिंडं मिळतात. ती काही आठवडे त्याला जपतात, पण तेवढ्याच काळात लसही निष्प्रभ करतात. कोणत्या पिल्लात ती कधी संपतील हे बाहेरून कळत नाही. म्हणून साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर २ ते ४ आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा. ‘दोन इंजेक्शनं झाली की’ म्हणून दहाव्या आठवड्याला थांबलेली पिल्लं पार्वोच्या वॉर्डात हमखास भेटतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यापासून, पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखेला.

पार्वोत उलट्या आणि रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब होतात. विषाणूवर थेट मारा करणारं रोजच्या वापरातलं औषध नाही. पिल्लू तगेपर्यंत सलाईन, उलटी थांबवणारी औषधं आणि प्रतिजैविकं, म्हणजे दिवसामागून दिवस बिल. शिवाय हा विषाणू घरात-अंगणात महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाइलने मरेलच असं नाही. घरात पार्वो होऊन गेला असेल तर फरशी आधी धुऊन घ्या, मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ३० भाग पाणी असं मिश्रण १० मिनिटं राहू द्या. ब्लीचमध्ये फिनाइल किंवा ॲसिड मिसळू नका. मातीच्या अंगणाला हा उपाय नीट लागू पडत नाही, म्हणून अशा घरात नवीन पिल्लू आणण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत, दुसऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेजवळ सोडायचं नाही. माणसं, आवाज, गाड्या यांची ओळख कडेवर घेऊन करून देता येते.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिस्टेंपर, पार्वो आणि हिपॅटायटिस यांची लस पिल्लूपणाचे डोस आणि त्यानंतरचा बूस्टर झाला की ३ वर्षांपेक्षा कमी अंतराने देण्याची गरज नसते. लेप्टोची मात्र दरवर्षी लागते आणि रेबीजची आपल्याकडे दरवर्षीच देतात. तेव्हा मधल्या वर्षांत फक्त लेप्टो आणि रेबीज देता येईल का, तशी लस उपलब्ध आहे का, हे विचारा. लेप्टोवर काटकसर मात्र नको. उंदराच्या लघवीतून पसरणारा हा आजार मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात माणसांनाही होतो आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून घरात येऊ शकतो.

मांजर घराबाहेर जात नाही म्हणून तिला लस नको, हा समज महाग पडतो. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार आपल्या चपलांवरूनही घरात येतो. तिच्यासाठी तीन आजारांची एकत्रित लस आणि रेबीज, दोन्ही द्या.

मेडिकलमधून बाटली आणून घरी टोचण्यात बचत नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली होती का याची खात्री कोण देणार? बाटलीवरचा स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही पुस्तिकेत असायला हवी. मुंबई-पुण्यात महापालिकेचा श्वान परवाना काढताना हीच नोंद मागतात. २८ सप्टेंबर, म्हणजे लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास ठिकठिकाणी रेबीजच्या मोफत लसीची शिबिरं होतात. तारीख जुळत असेल तर तेवढे पैसे सरळ वाचतात.

गोचीड: खरी लढाई भिंतीत असते

महाराष्ट्रात कुत्रा पाळणाऱ्याने एकच गोष्ट मन लावून शिकायची असेल तर ती ही. आपल्या कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड आयुष्याचा थोडाच काळ अंगावर असते. रक्त पिऊन झालं की ती खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, पलंगाच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीमागे, जिन्याखाली जाऊन कात टाकते. मादी तिथेच हजारोंनी अंडी घालते. म्हणजे अंगावर दहा दिसतात तेव्हा घरात त्याच्या कितीतरी पट असतात. फक्त कुत्र्याला आंघोळी घालत बसलात तर वर्षभर आंघोळीच घालाल.

क्रम असा ठेवा. पावसाळा सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून गोचिडीची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध सुरू करा. काही गोळ्या महिनाभर चालतात, काही १२ आठवडे. पाकिटाची किंमत न पाहता दर महिन्याचा खर्च काढून तुलना करा. फिट येणाऱ्या कुत्र्याला यांतल्या काही गोळ्या चालत नाहीत, ते आधी सांगा. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून चार तुकडे करायचे, ही युक्ती करू नका. प्रत्येक तुकड्यात औषध सारखं उतरेलच असं नाही. मानेवरचं औषध टाकण्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात भेगा बुजवा, अंथरूण गरम पाण्याने धुवा, कोपरे आणि फटी व्हॅक्युमने साफ करा. हे सगळं निदान दोन-तीन महिने सलग चालवा, कारण भेगांतली अंडी टप्प्याटप्प्याने फुटतात.

फिरून आल्यावर दोन मिनिटं कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली हात फिरवा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखाने चिरडू नका. रॉकेल, जळकं ऑइल असलं काहीही अंगाला लावायचं नाही. खरजेवर जळकं ऑइल लावण्याची पद्धत अजून गावोगाव दिसते. कुत्रा ते चाटतो, आणि मग खरूज राहते बाजूला, विषबाधेचे उपचार सुरू होतात. गुरांसाठीचं गोचीडनाशक कृषी सेवा केंद्रातून आणून अंदाजाने ओतणं हाही तसलाच प्रकार. आणि मांजर असलेल्या घराने तर लाल अक्षरांत लिहून ठेवावं: परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजरीचा जीव घेऊ शकतं.

एवढं करूनही ताप आला, जेवण सुटलं, हिरड्या फिकट पडल्या, नाकातून रक्त आलं, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासा. एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडीतून होणाऱ्या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत, म्हणून स्मिअरची (काचेवर रक्ताचा थेंब पसरून केलेली) तपासणी हा वाया जाणारा खर्च नाही. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं. आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो, मालक गोळ्या थांबवतो, आणि आजार लपून राहून पुढे अस्थिमज्जेपर्यंत पोहोचू शकतो. त्या टप्प्यावर रक्त चढवण्याची वेळ येते.

जंतांचं थोडक्यात: पिल्लांना ३ महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, ६ महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे दर ३ महिन्यांनी औषध. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दरवेळी आधी वजन करा.

नसबंदी लांबणीवर टाकू नका

मादी माजावर येऊन गेल्यानंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. याला पायोमेट्रा म्हणतात. खूप पाणी पिणं, सुस्ती, उलट्या आणि मागून घाण स्राव ही लक्षणं. कधी स्राव बाहेर येतच नाही, आणि तो प्रकार अधिक घातक. स्वीडनमध्ये पूर्वी माद्यांची नसबंदी सर्रास करत नसत. तिथल्या विम्याच्या नोंदींत सुमारे एक चतुर्थांश माद्यांना वयाच्या दहाव्या वर्षाआधी हा आजार झालेला दिसला. तेव्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया नसबंदीसारखीच असते, फरक एवढाच की ती आजारी, अनेकदा वयस्क कुत्रीवर, रात्री-बेरात्री आणि कैक पट दराने होते. पहिल्या-दुसऱ्या माजाआधी केलेल्या नसबंदीने स्तनांच्या गाठींचा धोकाही बराच कमी होतो.

लहान चणीच्या कुत्र्यांत साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्डसारख्यांत हाडांची वाढ होईपर्यंत थांबायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, तेव्हा तिथे उशीर नको. बोक्याची नसबंदी झाली की रात्रीच्या भटकंत्या, मारामाऱ्या आणि त्यातून होणारी गळवं कमी होतात. काही प्राणी-कल्याण संस्था पाळीव प्राण्यांची नसबंदी सवलतीत करतात. तिथे भूल कोणती देतात, आधी रक्त तपासतात का आणि टाके दाखवायला परत बोलावतात का, हे तीन प्रश्न विचारूनच तारीख घ्या.

ताट आणि तराजू

अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्रॉडॉर आयुष्यभर पाहिले गेले. निम्म्यांना त्यांच्या भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखी उशिरा सुरू झाली. यासाठी खर्च शून्य. उलट पोतं जास्त दिवस पुरतं.

बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज लागाव्यात. वरून पाहिल्यावर कंबर दिसावी. महिन्याला एकदा त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी लिहून ठेवा. खाणं अंदाजे मुठीने न घालता वाटीने मोजून घाला. आजी एक पोळी, बाबा बिस्किट आणि मुलगी चिकनचा तुकडा देते, आणि प्रत्येकजण ‘मी तर एवढंसंच दिलं’ म्हणतो. डब्यात दिवसाचं सगळं खाणं सकाळीच काढून ठेवा. ज्याला द्यायचंय त्याने त्यातूनच द्यावं.

नुसतं दूध-पोळी किंवा वरण-भात कुत्र्याला पुरत नाही, मांजरीला तर मुळीच नाही. मांजरीला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. शाकाहारी घराने मांजर आणण्याआधी हा विचार करावा. घरचं शिजवायचं असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या. तयार खाद्य घ्यायचं तर वयानुसार ‘संपूर्ण आहार’ लिहिलेलं मध्यम दराचं पुरे, आयातीची हौस नको.

आणि कॅल्शियमची बाटली. पिल्लाबरोबर ती जणू हुंड्यात येते. चांगलं पपी फूड खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम देणं हाडांच्या वाढीला अपायकारक आहे. ती बाटली दुकानातच राहू द्या.

घरातली विषं आणि अडकणाऱ्या वस्तू

सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, द्राक्षंही तशीच. कांदा-लसूण घातलेला रस्सा, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, उंदराचं औषध, आणि मांजरींना लिलीची फुलं, हे सगळं हाताबाहेर ठेवा. माणसांची वेदनाशामकं देऊ नका: पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरते, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याचं पोट व मूत्रपिंड बिघडवतात.

मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा बुरकुंडा, आखाडात मटणाच्या नळ्या: आतड्यात अडकून शस्त्रक्रिया करायला लावणाऱ्या या वस्तू ऋतूप्रमाणे बदलत जातात, तेव्हा कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण लावा. दिवाळीतलं तळण आणि मटणाची चरबी यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मांजरीच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जाऊ शकतं. तिला आहे तशीच दवाखान्यात न्या. विषारी काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. वेष्टन घेऊन निघा आणि वाटेतूनच फोन करा.

दर रविवारी दहा मिनिटं

दात दाखवायची सवय पिल्लूपणीच लावा आणि शक्यतो रोज, निदान दिवसाआड, कुत्र्या-मांजरांच्या पेस्टने घासा. आपली पेस्ट नको. रविवारी कान हुंगा: आंबूस वास, काळा मळ किंवा सारखं डोकं झटकणं म्हणजे संसर्गाची सुरुवात. त्यात इअरबड घालू नका. नखं, गाठी, कातडी पाहा. हिरडी बोटाने दाबून सोडा, गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा. गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास वारंवार मोजले गेले तर डॉक्टरांना सांगा. गुदद्वारातलं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. स्वतंत्र डिजिटल थर्मामीटर ठेवा.

काही बाबतींत ‘उद्या पाहू’ म्हणायचं नाही. बोका सारखा मातीत बसतोय आणि लघवी होत नाही, मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून कोरड्या उलट्या होतायत, मांजर दिवसभर जेवलेली नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, उन्हात धापा टाकत कुत्रा लडखडतोय. उष्माघातात साध्या पाण्याने भिजवून पंखा लावा आणि मग निघा. बोक्यांना ओलं खाणं आणि दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवलं तर लघवी तुंबण्याचा धोका काहीसा कमी होतो.

स्वस्त आणि चांगलं कुठे मिळतं

पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने फक्त गाई-म्हशींसाठी आहेत असं अनेकांना वाटतं. तिथे कुत्रीमांजरीही पाहतात आणि शुल्क नाममात्र असतं. पुण्यात औंधला पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही तिथेच. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही उपचार होतात. रांग लागते, सकाळ जाते, पण तज्ज्ञ एकाच आवारात भेटतात. नेहमीच्या तपासणीला जवळचा दवाखाना आणि ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला महाविद्यालय, अशी वाटणी मला सर्वांत व्यवहारी वाटते.

औषध लिहून देताना मूळ घटकाचं नाव मागा. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं माणसांच्या मेडिकलमध्येही चिठ्ठीवर मिळतात आणि अनेकदा स्वस्त पडतात. मात्रा मात्र डॉक्टरांनी ठरवलेलीच.

जाताना पुस्तिका, जुने रिपोर्ट, ताजी विष्ठा छोट्या डबीत आणि खोकल्याचा किंवा लंगडण्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या. दवाखान्यात गेल्यावर कुत्रा हटकून नीट चालतो. महागडी तपासणी सांगितली तर विचारा, ‘हिचा निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार आहेत का?’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

प्राण्यांचा विमा घेणार असाल तर वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. जुने आजार, ठरावीक वयानंतरचे प्राणी आणि लस न दिल्यामुळे झालेले आजार बहुधा त्यात असतात. विमा न घेतल्यास त्या हप्त्याएवढी रक्कम दरमहा आरडीत टाका. लक्ष्य ठेवताना सुरुवातीला काढलेल्या कागदावरचा सर्वांत मोठा आकडा धरा. बहुतेक ठिकाणी तो पायोमेट्राच्या शस्त्रक्रियेचा किंवा आठवडाभराच्या सलाईनचा असतो.